उघडा पोर्तार

पांदेले गिर्काच्या हातांबद्दल ब्राइला बंदरात लोक काय वाट्टेल ते बोलत. कुणी म्हणे, लहानपणी त्याच्या बापानं त्याला हात धरून दोरीवर वाळत घातला होता. कुणी म्हणे, त्याच्या ओंजळीत कोंबडी खुशाल अंडी उबवत बसेल. सगळ्या थापा. पण हात मोठे होते हे खरं, आणि त्या हातांतून काही निसटत नसे हेही खरं.

उन्हाळ्यात डॅन्यूबवरून कलिंगडांच्या होड्या यायच्या. खाली होडीत लिपोवान जमातीचे दाढीवाले नावाडी उभे, वर धक्क्यावर पांदेले. खालून कलिंगड सुटलं की हा झेलायचा आणि मागच्या गाडीत ठेवायचा. नावाडी मोठे बेरकी. मध्येच एखादं मुद्दाम तिरकं फेकायचे, फुटलं तर तेवढंच खायला मिळेल म्हणून. पांदेले तिरकंही झेलायचा. त्यामुळे नावाडी त्याच्यावर चिडून असत.

गोदीवाल्यांच्या फुटबॉल संघाचा कप्तान वांगेली एरवी मासे विकायचा. एक दिवस टोपली बाजूला ठेवून तो हे बघत उभा राहिला.

"अरे पांदेले," तो म्हणाला, "एवढं जड झेलतोस, मग हवा भरलेलं झेलशील का?"

"हवा भरलेलं खातात का?"

"नाही रे बाबा, नुसतं अडवायचं."

"मग उपयोग काय?"

"उपयोग काही नाही. म्हणूनच मजा येते."

झालं, तेव्हापासून पांदेले गोदीवाल्यांचा पोर्तार झाला.

आता इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्याकडे दारावर जो उभा राहतो तो पोर्तार. मग दार हॉटेलचं असो नाहीतर बँकेचं. पुढे इंग्रज खलाशांबरोबर फुटबॉल नदीतून वर आला, तेव्हा खांबांमध्ये उभा राहतो त्याला काय म्हणावं ते कुणाला सुचेना. म्हणून त्यालाही पोर्तारच म्हणू लागले. एक शब्द आणि दोन धंदे! 'गोल'चंही तेच. खेळातला गोल तो गोलच. पण आमच्या पणजीच्या काळापासून 'गोल' म्हणजे उघडा, नागडा. अंघोळीतून पळालेलं पोर म्हणजे गोल. वर आणखी आमच्याकडे पोर्तार गोल खात नाही, तो गोल स्वीकारतो, घरी आलेले पाहुणे स्वीकारावेत तसा. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

तर पांदेलेला थंडीत बोटं बधिर व्हायची, म्हणून तो हातमोजे घ्यायला बाजारातल्या दुकानात गेला. तिथे स्मारांदा कालापोद मोजे शिवायची. तिनं त्याचा पंजा मापला, परत मापला, आणि म्हणाली, "हा हात आहे की फावडं?"

"हात आहे."

"दुकानातलं एकही कातडं पुरायचं नाही. दोन जोडून शिवावे लागतील. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात तो गेला. त्याच्या पुढच्याही गेला, बोट जरा आवळतंय म्हणून. मग सैल झालंय म्हणून. दुकानाच्या मालकिणीला शेवटी कळलंच की मोज्यांत काही खोट नाही, खोट भलतीकडेच आहे. स्मारांदाला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तिनं त्याला एकच गोष्ट स्पष्ट सांगितली. "मी पाळण्यात होते तेव्हा आई गेली. बाबांनी एकट्यानं वाढवलंय मला. वेण्यासुद्धा त्यांनीच घातल्या, वाकड्यातिकड्या का होईनात. त्यांचा आशीर्वाद नसेल तर मी चर्चची पायरी चढणार नाही. मग तू किती का आवडेनास."

"आवडतो ना पण?"

"विषय बदलू नकोस."

स्मारांदाचे बाबा म्हणजे तुदोसे कालापोद, नदीकाठच्या थोरल्या हॉटेलचे पोर्तार. खरे, दारावरचे पोर्तार. तीस वर्षं एका दारात. अंगात निळा कोट, त्याला दोन रांगा सोनेरी बटणं, खांद्यावर सोनेरी गोफ, हातात पांढरे मोजे. धान्याचे ग्रीक व्यापारी, जहाजांचे कप्तान, अमक्याची बायको, तमक्याची मेहुणी, सगळ्यांना तुदोसे नावानिशी ओळखायचे. तीन गोष्टींचा त्यांना मनापासून तिटकारा होता: चिखलाचे बूट, गोदीतले हमाल आणि चड्ड्या घालून चेंडूमागे धावणारी कार्टी. त्या कार्ट्यांनी एकदा हॉटेलची काच फोडली होती. आणि आमचा पांदेले बघा, गोदीत हमाल, रविवारी चड्डीत, आणि बूट कायम चिखलाचे. एकही गोष्ट सुटली नव्हती!

मागणी घालायला पांदेलेची लिसावेता आत्या गेली. ब्राइलातली अर्धी लग्नं आत्यानं जमवलेली, आणि खोटं न बोलता. ती फक्त निम्मं खरं बोलायची.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर स्मारांदानं ताट ठेवलं: गुलाबपाकळ्यांचा मुरांबा, प्रत्येकाला एक चमचा, आणि सोबत गार पाण्याचा पेला. तुदोसे कोट घालूनच बसले होते. घरीसुद्धा पाहुणे येणार म्हणजे कोट हवाच.

"मुलगा काय करतो?" त्यांनी विचारलं.

"मुलगा पोर्तार आहे हो!" आत्या म्हणाली आणि पटकन मुरांब्याचा चमचा तोंडात घातला.

तुदोसेंच्या मिशा दोन्ही बाजूंनी वर गेल्या. "पोर्तार? म्हणजे आमच्यातलाच? अहो, मग आधी नाही का सांगायचं! ये रे बाळा, असा जवळ बस. दार केवढं आहे?"

पांदेलेला वाटलं, म्हाताऱ्याला खेळाची आवड दिसते. तो खुशीत म्हणाला, "चांगलं आठ पावलं रुंद आहे, काका."

"आठ पावलं! अरे, ते दार की गावाची वेस?"

"उभं राहिलं की वेशीएवढंच वाटतं."

"फळ्या किती? दोन की चार?"

"फळ्या नाहीत हो. मागे जाळं असतं."

"हां, नव्या पद्धतीचं. माश्या आत येत नाहीत." तुदोसेंनी मान डोलावली. "आणि गर्दी?"

"रविवारी असते. अकरा जण एकदम येतात अंगावर."

"धक्काबुक्की करतात?"

"म्हणजे काय! परवा एकानं इथे गुडघा घातला." पांदेलेनं बरगडी दाखवली.

"अरेरे! काय दिवस आलेत. मग तू काय करतोस?"

"मी पायांवर झेप घेतो."

तुदोसेंनी चमचा खाली ठेवला. "पाहुण्यांच्या?"

इथे पांदेलेच्या डोक्यात कुठेतरी घंटा वाजली. त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे बघत होती. स्मारांदाकडे पाहिलं तर ती ताट तोंडापुढे धरून थरथरत होती. पोरगी हसत होती!

"वेळ आली तर घ्यावी लागते," तो चाचरत म्हणाला.

"मालक रागावत नाही?"

"टाळ्या वाजवतो. सगळेच वाजवतात."

"कमाल आहे. बरं, साधारण किती जणांना आत सोडतोस?"

"एकालाही नाही, काका."

"एकालाही नाही? मग धंदा कसा चालतो?"

पांदेलेनं पेलाभर पाणी एका घोटात संपवलं. तुदोसेंनी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"ऐक पोरा. तू तरुण आहेस, अंगात रग आहे. पण पोर्तार म्हणजे अडवणारा नव्हे, उघडणारा. कुणाला दार उघडायचं हे ज्याला कळतं, तो पोर्तार. शिकशील हळूहळू. मला मुलगा नाही. नवीन वर्षात मी घरी बसणार आहे, आणि मालकांनी सांगितलंय की माझ्या जागी माणूस मीच नेमायचा. साखरपुडा ऑक्टोबरअखेरच्या सेंट दुमित्रूच्या सणाला करू. आणि हा कोट मी माझ्या हातानं तुझ्या अंगावर घालीन."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी 'काका, जरा घोटाळा झालाय' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? पांदेलेनं मान खाली घातली. आत्यानं मुरांबा आणखी मागून घेतला.

बाहेर पडल्यावर स्मारांदानं त्याला फाटकात गाठलं. हसून हसून तिचे गाल लाल झाले होते. पण ती म्हणाली, "उद्याच्या उद्या खरं सांगून टाक त्यांना. मी सांगितलं तर वाटेल मी सामील होते."

"सांगतो की."

"उद्या हं!"

"उद्या म्हणजे उद्या."

पण उद्या बोटीतून गहू उतरवायचा होता. परवा तुदोसेंनी त्याला हॉटेलच्या दारात उभं करून सलाम कसा ठोकायचा ते शिकवलं, आणि इतका जीव लावून शिकवलं की याची जीभच उचलेना. मग रविवार आला आणि संघ सामन्यासाठी गालात्सला गेला. गालात्स आमच्या शेजारचं गाव आणि जन्माचं वैरी. तिथे खेळायचं म्हणजे सूर्य डोळ्यांवर आणि प्रेक्षक उरावर. पांदेलेनं त्या दिवशी तीन गोल स्वीकारले. घरी येताना आगगाडीत त्याच्याशी कुणी बोललं नाही. फक्त वांगेली म्हणाला, "होतं असं. माझेसुद्धा मासे कधीकधी सडतात."

मंगळवारी पांदेले फडक्यात बिहीची पिवळीधमक फळं बांधून हॉटेलच्या पायऱ्या चढला. आज सांगायचंच, असं ठरवून आला होता. दारात तुदोसे उभे होते. चेहरा पांढराफटक. हातात पेपर.

"थांब," ते म्हणाले. "तिथेच थांब. हे तूच का? गिर्का नावाचा पोर्तार गावात दुसरा कुणी आहे?"

"नाही, काका. मीच."

तुदोसेंनी चष्मा चढवला आणि एकेक शब्द सुटा करून वाचलं: "'रविवारी गालात्स येथे ब्राइलाचा पोर्तार गिर्का याने गोल स्वीकारले. एकदा नव्हे, तीन वेळा. तेही सज्जात बसलेल्या महिलावर्गाच्या डोळ्यांदेखत.'"

ध चा मा व्हायला एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे तेवढंही लागलं नाही.

"छापलं पेपरात?" पांदेले ओशाळून म्हणाला.

"म्हणजे खरंय!" तुदोसेंनी छातीवर क्रूस काढला. "अरे, एकदा एखाद्याची नाडी सुटते, मी समजू शकतो. पण तीन वेळा?"

"मुद्दाम नाही हो केलं! पहिल्या वेळी ऊन डोळ्यांवर होतं, मला काही दिसलंच नाही."

"तुला दिसलं नाही. त्या बायकांना दिसलं ना?"

"दुसरा दोन पायांच्या मधून—"

"गप्प! रस्त्यानं बायकामाणसं चाललीत!"

तेव्हा कुठे पांदेलेच्या डोक्यात उजेड पडला. त्याला हसू फुटलं, आणि तीच त्याची मोठी चूक झाली. "अहो काका, तो गोल नव्हे! हा चेंडूचा गोल. फुटबॉलचा! मी चेंडू अडवतो. दोन खांब असतात, त्यांच्या मधे मी. त्यालाही पोर्तारच म्हणतात."

तुदोसेंनी पेपरची सावकाश घडी केली. "म्हणजे दार नाही."

"नाही."

"हॉटेल नाही."

"नाही, काका. एरवी मी गोदीत असतो. सांगणार होतो, आत्ता तेच सांगायला—"

"माझ्या घरात बसून, माझ्या मुलीच्या हातचा मुरांबा खाऊन, तू मला जाळ्या आणि फळ्या सांगत होतास. आणि मी येडा तुला सलाम शिकवत होतो." त्यांनी पेपर काखेत मारला. "नागडा उभा राहिला असतास ना, तरी एक वेळ पोटात घातलं असतं. पण माझ्या धंद्याची टर उडवलीस तू. तीस वर्षांत या दारात मी कुणालाही नाही म्हटलं नाही. दारुड्यांना नाही, दिवाळखोरांना नाही. तुला म्हणतो."

आणि त्यांनी दार लावलं. रागातही आपटलं नाही, सवयीनं हळूच लावलं. पांदेलेला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं. बिहीची फळं तशीच हातात घेऊन तो घाटापर्यंत चालत गेला, आणि तिथे बसून त्यानं एकट्यानं रडून घेतलं. एवढा मोठा गडी, पण रडला.

दुसऱ्या दिवशी स्मारांदा धक्क्यावर आली. तिचेही डोळे सुजलेले होते.

"सांगितलं होतं ना, उद्या म्हणजे उद्या!"

"चुकलो."

"बाबा जेवत नाहीत. नुसतं म्हणतात, पोरानं मला हसं केलं. मी लाख समजावलं. पण ऐकून नाही कळायचं त्यांना. माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कुणाबद्दल मत बदलत नाहीत."

"मग रविवारी आण त्यांना मैदानावर."

"दार सोडून? अरे, रविवारी बुखारेस्टचा संघ हॉटेलात उतरणार आहे. ते दारावरून तसूभर हलायचे नाहीत." मग ती जरा थांबली आणि तिनं नाक पुसलं. "पाहुण्याचंच काही काम निघालं तर गोष्ट वेगळी."

तो रविवार नेमका सेंट दुमित्रूचा सण होता, म्हणजे ठरल्याप्रमाणे साखरपुड्याचा दिवस. डॅन्यूबवरून असा बोचरा वारा सुटला होता की सूर्यफुलाच्या बिया सोलताना लोकांची बोटं वळत नव्हती. तरी अर्धं गाव मैदानावर आलं होतं. बुखारेस्टचे पाहुणे रेशमी सदऱ्यांत, आमचे गोदीवाले धुऊन आखडलेल्या जर्सीत. शिट्टी वाजायची वेळ झाली तरी पाहुण्यांचा कप्तान एका पायात बूट घालून लंगडी घालत होता. त्याचा डावा बूट सापडेना, आणि डावखुरा माणूस तो, डाव्या बुटाशिवाय करणार काय?

तेवढ्यात फाटकातून तुदोसे आले. निळा कोट, सोनेरी बटणं, पांढरे मोजे, आणि दोन्ही हातांवर आडवा धरलेला एक बूट. मागून साळसूद चेहऱ्यानं स्मारांदा.

"आपला बूट, महाराज," तुदोसे कप्तानापुढे वाकून म्हणाले. "माझ्या खुर्चीखाली सापडला. तिथे कसा गेला कोण जाणे."

कप्तानानं त्यांना कडकडून मिठी मारली. तुदोसे परत निघाले तोवर शिट्टी वाजून खेळ सुरू झाला होता. परतायची वाट पांदेलेच्या खांबांमागून जात होती. तिथे स्मारांदानं त्यांची बाही धरली.

"बाबा, क्षणभर. दार तरी बघून घ्या ना त्याचं."

"कुठंय दार?"

"ते काय, तिथे उभंय."

पांदेलेनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं. जाळ्यापलीकडे सोनेरी बटणं चमकत होती. त्यानं जर्सी नीट खाली ओढली. आणि बरोबर त्याच वेळी बुखारेस्टचा कप्तान डावीकडून आला आणि त्या चकचकीत डाव्या बुटानं चेंडू असा हाणला की पांदेलेला फक्त वारा लागला.

मागून आवाज आला, "अरे! हा तर न विचारता आत घुसला!"

"गोल झाला, बाबा."

"आणि त्या बुटानं? मी आणून दिलेल्या?"

"त्याच बुटानं."

तुदोसे एवढे अस्वस्थ झाले की परत जायचं विसरले. "म्हणजे मीच आत सोडला त्याला," ते पुटपुटले. आपल्या हातून चुकीचा माणूस आत जावा हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी जाळ्याला नाक लावलं.

त्यानंतर पांदेलेला मागून जे ऐकू येऊ लागलं ते त्याला जन्मात विसरता आलं नाही. "तो बघ, तो काळ्या केसांचा! त्याची नजर बरी नाही." "उंच आहे तो, वाकून येईल, वाकून." "चिखलाचे बूट घेऊन येतायत, अजिबात घेऊ नकोस आत!" एकदा पांदेलेनं वरच्या कोपऱ्यातला चेंडू बोटांनी उडवला, तर मागून अगदी हॉटेलच्या आवाजात आलं, "क्षमस्व महाराज, जागा शिल्लक नाही!" पांदेलेला खेळता खेळता हसू आलं, आणि मागे बघायचं त्यानं सोडून दिलं. तिकडे वांगेलीनं डोक्यानं गोल मारून बरोबरी केली. मैदानभर सूर्यफुलाच्या सालांचा पाऊस पडला.

खेळ संपत आला तेव्हा खांबांसमोर एकच झोंबाझोंबी झाली. पाच-सहा जण एकमेकांवर पडले, कुणीतरी पांदेलेची जर्सी मुठीत धरून ओढली, आणि ती आधीच विटलेली जर्सी गळ्यापासून खालपर्यंत टरकन फाटली. पांदेले ढिगातून उठला तो कमरेच्या वर उघडाबंब. दुसरी जर्सी कुणाकडे होती! रेफ्रीनं खांदे उडवले आणि खेळ चालू ठेवला. सज्जातल्या बायकांनी चेहऱ्यावर हात घेतले. स्मारांदानंही घेतले, बोटं मात्र चांगली फाकवून.

"हे बघ," तुदोसे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पेपरवाले खोटं लिहीत नाहीत."

आणि मग तो डावखुरा कप्तान एकटा सुटला. वांगेली मागे पडला, पुढे कुणीच नाही, फक्त पांदेले. वारा सपासप उघड्या अंगाला लागत होता. मागून एकही शब्द येत नव्हता. कप्तानानं डावा पाय मागे नेला. पांदेलेनं विचार केला नाही. खालून तिरकं कलिंगड सुटलंय एवढंच त्याला दिसलं. त्यानं पायांवर झेप घेतली, चिखलात सपशेल आडवा झाला, आणि चेंडू उघड्या छातीशी दोन्ही पंजांत गच्च.

मग अख्खं ब्राइला उठून उभं राहिलं आणि एका आवाजात ओरडू लागलं: "पोर्तार! पोर्तार! पोर्तार!"

"आलो, आलो!" तुदोसे ओरडले.

तीस वर्षांची सवय! ते ताठ झाले, हात कोटाच्या शिवणीवर गेले, आणि ट्रंका कुठे आहेत ते बघायला ते इकडेतिकडे वळले. कुठे ट्रंका नव्हत्या. हजार लोक टोप्या उडवत होते. 'पोर्तार' ही हाक त्यांनी जन्मभर ऐकली होती: पोर्तार, छत्री; पोर्तार, घोडागाडी; पोर्तार, झोपलास का? पण कुणी उभं राहून अशी हाक मारलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"तुम्हाला नाही हो बाबा, त्याला हाक मारतायत," स्मारांदा हळूच म्हणाली.

"कळतंय मला," तुदोसे म्हणाले. पण त्यांचे हात शिवणीवरून हलले नाहीत, आणि मिशा ओल्या झाल्या होत्या.

शेवटची शिट्टी वाजली. पांदेले चेंडू काखेत धरून उठला. अंगभर चिखल, ओठ निळे, दात कडाकडा वाजतायत. जाळ्याला वळसा घालून तुदोसे त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. पांदेलेनं चेंडू खाली ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे सलाम ठोकला.

तुदोसेंनी सोनेरी बटणं काढायला सुरुवात केली. वरून खाली, एकेक. कामावर असताना तो कोट त्यांच्या अंगावरून उतरलेला ब्राइलात कुणी पाहिला नव्हता. शर्टाच्या बाह्यांत, वाऱ्यात, ते एकदम लहानखुरे दिसू लागले. त्यांनी कोट झटकला आणि पांदेलेच्या चिखलभरल्या खांद्यांवर चढवला.

"काका, खराब होईल!"

"हात घाल."

पांदेलेनं हात घातले. आणि गंमत बघा, तसले फावड्यासारखे हात, पण बाह्या बरोब्बर मनगटापर्यंत आल्या.

तुदोसेंनी बाहीकडे पाहिलं. मग स्मारांदाकडे पाहिलं. "दहा-बारा दिवस झाले, या बाह्या माझ्या बोटांवर लोंबतायत," ते सावकाश म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपणी माणूस आखडतो. मी कुणाला बोललो नाही."

"आतून दोन बोटं कापड होतं, बाबा," स्मारांदा जमिनीकडे बघत म्हणाली. "त्या मुरांब्याच्या दिवशीच उसवून सोडल्या. मग ते भांडण झालं, आणि परत आत घ्यायला माझा हातच होईना."

"म्हणजे मी आखडलो नाही?"

"तसूभरही नाही."

म्हातारा आधी हसला आणि मग त्याला हुंदका आला. त्यानं दोन्ही एकदमच होऊ दिलं. लोक मैदानात घुसले होते, पांदेलेला खांद्यावर घ्यायला धावत येत होते, हाका चालूच होत्या. तुदोसेंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, दारात थांबवतात तसं, आणि थंडीनं कापत असताना स्वतःच्या हातांनी पांदेलेच्या गळ्याचं बटण लावलं.

"बाकीची तू लाव," ते म्हणाले. "गाव बघतंय. माझा जावई असा उघडा उभा राहिलेला मला चालायचा नाही."